पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि मंडळीत परत येणे : पार्श्वभूमी

इंदूरमधल्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत दोन बायबल असतात, एक मराठी आणि एक हिंदी. दोन्हींत मार्क १:१५ काढून पाहा. मराठीत ‘पश्चात्ताप करा’ आहे, तर हिंदीत ‘मन फिराओ’. मूळ ग्रीक क्रियापद एकच. हिंदी शब्द माणसाला वळायला सांगतो, मराठी शब्द मागाहून होणाऱ्या तापाविषयी बोलतो. चुकलेला माणूस मंडळीत परत कसा येतो, यावर आपल्याकडे जे वाद होतात त्यांचे मूळ बरेचसे या शब्दांत आहे, आणि त्याहून अधिक तिसऱ्या एका शब्दात: प्रायश्चित्त.

पेत्राने येशूला तीनदा नाकारणे आणि पुढे सरोवराकाठी येशूने त्याला विचारलेले तीन प्रश्न सर्वांना ठाऊक आहेत. तिथून निघून थेट इ. स. २५० च्या छळाकडे येऊ. रोमी सम्राटाच्या हुकमाने देवांना बळी वाहायचे आणि तसा दाखला घ्यायचा, अशी सक्ती झाली. कोणी बळी वाहिला, कोणी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर दोघेही मंडळीच्या दाराशी आले. यांना कधीच आत घेऊ नये, असे रोममधला एक गट म्हणाला आणि वेगळा झाला. कार्थेजच्या बिशपांनी प्रत्येकाची चौकशी करून, दाखला घेणारा आणि बळी वाहणारा यांत फरक करून, वाट मोकळी ठेवली. ३२५ च्या नायसिया परिषदेच्या अकराव्या नियमात हिशेब अगदी नेमका आहे: सक्ती नसताना विश्वासापासून ढळलेल्याने ३ वर्षे श्रोत्यांत बसावे, ७ वर्षे दंडवत घालणाऱ्यांत राहावे, २ वर्षे प्रार्थनेत सामील व्हावे पण अर्पणात नाही. तेरावा नियम सांगतो की मरणाच्या दारी असलेल्याला प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या मेजावरची भाकर व द्राक्षारस, नाकारू नये. बारा वर्षे हा काळ कठोरच, पण त्याला शेवट होता आणि तो पहिल्या दिवशीच सांगितलेला होता. हे ध्यानात ठेवावे, पुढे लागेल.

आता शब्दाकडे. लॅटिन बायबलात त्या ग्रीक क्रियापदाचा अनुवाद जवळजवळ ‘प्रायश्चित्त करा’ असा झाला होता. १२१५ पासून वर्षातून एकदा पापकबुली सक्तीची झाली, आणि सामान्य माणूस त्या वाक्यात धर्मगुरूने नेमून दिलेले कृत्यच ऐकू लागला. १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून आला. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये मांडलेल्या ९५ मुद्द्यांपैकी पहिले दोन याच शब्दावर आहेत: श्रद्धावंताचे सारे आयुष्यच पश्चात्ताप असावे, आणि हे वचन धर्मगुरूच्या हातून होणाऱ्या संस्कारापुरते समजू नये.

मराठीत हा पेच वेगळ्या अंगाने आला. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाच्या कानाला प्रायश्चित्त म्हणजे पंचगव्य, ब्राह्मणभोजन, दक्षिणा, आणि जातीत परत प्रवेश. १८९० साली पुण्यात मिशनच्या आवारात चहा घेतल्यावरून नामवंत मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, आले आणि पुढे काहींनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. म्हणूनच मराठी बायबलाने केलेली विभागणी मला फार मोलाची वाटते: माणसाने करायचा तो पश्चात्ताप; प्रायश्चित्त हा शब्द जुन्या करारातल्या लेवीय यज्ञांसाठी आणि १ योहान २:२ मध्ये खुद्द ख्रिस्तासाठी. म्हणजे किंमत चुकती झाली आहे, आता वळायचे तेवढे उरले. मराठी कॅथलिक मात्र उपवासकाळाला प्रायश्चित्तकाळ म्हणतात, आणि कबुलीनंतर सांगितलेली प्रार्थना किंवा सत्कृत्य हेही प्रायश्चित्तच. त्यांच्या शिकवणीतही क्षमा विकत मिळत नाही. दोष मिटतो तो कबुलीनंतर धर्मगुरू उच्चारतो त्या पापमुक्तीने, कृत्य असते ते जखम भरून येण्यासाठी. तरी एकाच शहरातल्या दोन मंडळ्यांत, लग्नसंबंध जुळताना, हा शब्द दोन अर्थांनी बोलला जातो आणि गैरसमज होतो.

इंदूरला प्रोटेस्टंट वळण मिळाले ते १८७७ पासून, कॅनडातून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनमुळे. होळकर दरबाराची भाषा मराठी, बाजाराची माळवी आणि हिंदी; पुढे महू, रतलाम, उज्जैन, नीमच इथेही काम पसरले. या परंपरेच्या सतराव्या शतकातल्या विश्वासकबुलीत शिस्तीच्या तीन पायऱ्या आहेत: समज देणे, काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवणे, मंडळीबाहेर काढणे. त्याआधी मत्तय १८ प्रमाणे एकट्याने भेटायचे, मग दोघातिघांनी. १९७० मध्ये नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली आणि अँग्लिकन पद्धतीची सामुदायिक पापकबुली याच परंपरेशेजारी येऊन बसली.

घोळ होतो तो दुसऱ्या पायरीवर. ‘काही काळ’ हे शब्द मंडळीच्या ठरावात तसेच उतरतात, तारीख लिहिली जात नाही. पाळकांची बदली होते, नव्या पाळकांना कागद सापडत नाही, ते कुटुंब वर्षभर मागच्या बाकावर बसते आणि मग दुसरीकडे जाऊ लागते. ठरावात चार गोष्टी हव्यातच: नेमकी चूक, काय भरून द्यायचे, मंडळीचे कोणते वडील (एल्डर) दर महिन्याला भेटणार, कोणत्या तारखेच्या सभेत फेरविचार होणार. प्रभुभोजन महिन्यातून एकदा असेल तर तीन महिने म्हणजे तीन मेजे चुकली, एवढे पुष्कळ झाले. २ करिंथ २:६-७ मध्ये पौल शिक्षा पुरे झाल्याचे सांगून घाई करतो, नाहीतर तो माणूस दुःखात बुडून जाईल म्हणून. आणि निलंबन व्यासपीठावरून वाचले असेल तर परत घेतल्याचेही तिथूनच वाचावे. ते खाजगीत उरकणे हा अन्याय आहे.

पैशाचे प्रकरण असेल तर गणना ५:७ चा हिशेब सोपा आहे: कबुली, मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. दहा हजार घेतले असतील तर बारा हजार. रक्कम भरली की मेजावरची जागा लगेच परत द्यावी. खजिनदारीची चावी हा वेगळा ठराव, तो पुढच्या निवडणुकीत आणि दोन सह्यांच्या खात्यासह.