नमुना ते निरीक्षण: निसर्गप्रवासाची पार्श्वभूमी

प्रवासात वाटेवर दिसलेल्या फुलाला हात न लावता त्याचे छायाचित्र घ्यावे, पक्ष्याकडे दुर्बिणीतून पाहावे आणि प्राण्यापासून अंतर राखावे, हे आज जाणत्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. ही सवय मात्र फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात निसर्गाचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाच्या सामानात बंदूक, मद्यार्काच्या बाटल्या, झाडांच्या फांद्या दाबून वाळवण्याचे कागद आणि पक्ष्यांच्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून सोमल असे. तेव्हा पाहणे आणि गोळा करणे ही दोन वेगळी कामे मानलीच जात नव्हती.

यामागे निव्वळ हाव होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये वनस्पतींसाठी आणि १७५८ मध्ये प्राण्यांसाठी दोन शब्दांच्या शास्त्रीय नावांची पद्धत रूढ केली. त्यानंतर दूरदेशीच्या प्रत्येक जिवाला नाव देण्याचे मोठे काम युरोपातील अभ्यासकांपुढे उभे राहिले. छायाचित्रणाचा शोध लागायचा होता, त्यामुळे एक जीव दुसऱ्यापासून वेगळा आहे हे सिद्ध करायचे तर दोघांचे नमुने शेजारी ठेवून ताडून पाहण्याशिवाय गत्यंतर नव्हते. लिनियस यांनी आपले शिष्य जगभर पाठवले आणि त्यांतले कित्येक प्रवासातच दगावले.

तरीही जिवंत निसर्ग त्याच्या जागी पाहण्याची दृष्टी त्याही आधी एका स्त्रीने दाखवली होती, आणि या इतिहासात तिला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी. चित्रकार मारिया सिबिला मेरियन १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला सोबत घेऊन ॲम्स्टरडॅमहून दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत गेल्या. प्रवासाच्या खर्चासाठी त्यांनी आपली चित्रे विकली. युरोपातील संग्रहांत टाचणीला टोचलेली फुलपाखरे भरपूर होती, पण ती कोणत्या अळीपासून होतात आणि ती अळी कोणते पान खाते हे त्या पेट्यांवरून कळत नव्हते. मेरियन यांनी अळ्या पाळल्या, त्यांचे कोष होताना पाहिले आणि अळी, कोष व फुलपाखरू हे सारे खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात मांडले. आजारपणामुळे १७०१ मध्ये त्यांना परतावे लागले आणि १७०५ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्याकडे बागेत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या शंखासुराच्या चित्रासोबत त्यांनी एक हृदयद्रावक नोंद केली आहे: आपली मुले गुलामगिरीत जन्माला येऊ नयेत म्हणून तिथल्या गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया गर्भपातासाठी वापरत, आणि हे त्या स्त्रियांनीच मेरियन यांना सांगितले होते. एका वनस्पतीची माहिती देताना ती सांगणाऱ्या माणसांचे जगणेही नोंदवणारा असा प्रवासी त्या काळात विरळाच.

एरवी स्थानिकांचे ज्ञान वापरले गेले आणि श्रेय दुसऱ्याला मिळाले. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५४ ते १८६२ या काळात मलाय द्वीपसमूहातून, म्हणजे आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांवरून, सव्वा लाखाहून अधिक नमुने जमवले. त्यांचा मदतनीस अली हा मलय तरुण बोर्निओ बेटावरील सारावाकमध्ये स्वयंपाकी म्हणून कामाला लागला आणि पुढे पक्षी टिपण्यात व सोलण्यात तरबेज झाला. १८५८ मध्ये बाचान बेटावर त्यानेच एक अनोखा पक्षी आणला. त्याच्या छातीवर चकाकत्या हिरव्या पिसांची ढाल होती आणि प्रत्येक पंखाच्या बाकातून दोन-दोन लांब पांढरी पिसे बाहेर आलेली होती. विज्ञानाला नवीन असलेल्या या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात वॉलेस यांचे नाव आहे. वॉलेस यांनी आपल्या लेखनात अलीचे ऋण मान्य केले आहे, ही त्यांची सचोटी. असंख्य वाटाड्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

संग्रहाच्या हौसेची काळी बाजूही लवकरच दिसू लागली. जीव जितका दुर्मिळ, तितकी त्याच्या कातडीची किंमत जास्त. उत्तर अटलांटिकमधील ग्रेट ऑक या उडू न शकणाऱ्या पक्ष्याची शेवटची ज्ञात जोडी १८४४ च्या जूनमध्ये आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर मारली गेली, तीही संग्राहकांच्या मागणीपोटी.

बदल घडला तो नीतीइतकाच साधनांमुळेही. अमेरिकी पक्षी-अभ्यासक फ्लॉरेन्स मेरियम यांनी १८८९ मध्ये, नाटक पाहायला वापरतात तसली लहान दुर्बीण घेऊन जिवंत पक्षी कसे ओळखावेत, हे सामान्य वाचकांना समजावून सांगितले. १८९४ मध्ये झाइस कंपनीची लोलक असलेली दुर्बीण बाजारात आली आणि लांबचा पक्षी स्पष्ट दिसू लागला. अमेरिकेत नाताळात पक्ष्यांच्या शिकारीची चढाओढ चाले. १९०० मध्ये पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी त्याऐवजी पक्षी मोजण्याची कल्पना मांडली. त्या वर्षी २७ जण सहभागी झाले आणि ती गणना आजही सुरू आहे. मग १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन यांची पक्षी ओळखण्यासाठीची, खिशात मावणारी मार्गदर्शिका आली. तिच्यातील चित्रांवर पक्ष्याच्या नेमक्या खुणांकडे बोट दाखवणाऱ्या बारीक रेषा होत्या. पंखावरचा पट्टा किंवा शेपटीची कड पाहून दुरून ओळख पटवता येऊ लागली. पक्षी हातात असण्याची गरजच संपली.

दरम्यान १८७२ मध्ये अमेरिकेत यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले होते. प्रवाशांसाठी निसर्ग राखण्याची ही कल्पना थोर खरी, पण तेथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या शोशोनी व इतर मूलनिवासींना त्यापायी बाहेर काढले गेले, हे विसरता येणार नाही. निर्मनुष्य अरण्याचे जे चित्र पर्यटकांपुढे ठेवले गेले, ते असे तयार केलेले होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न उलटा झाला: नुसते पाहायला येणाऱ्यांची गर्दीच जाचक ठरू लागली. गालापागोस बेटांवर १९५९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे प्रशिक्षित वाटाड्याशिवाय तेथे फिरण्यास मनाई आली. रवांडात १९७९ पासून पर्वतीय गोरिलांच्या संरक्षणाला पर्यटनाची जोड मिळाली. तेथे एका कळपाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ जणांनी, एका तासापुरतेच भेटायचे असते आणि आजारी माणसाला प्रवेश नसतो, कारण माणसाची साधी सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतू शकते. रवांडा आणि शेजारच्या देशांत पसरलेल्या विरुंगा पर्वतरांगेत १९८० च्या दशकात सुमारे अडीचशेपर्यंत घसरलेली त्यांची संख्या आता सहाशेच्या वर आहे. याचे श्रेय एकट्या पर्यटनाला देता येत नाही. रोजची गस्त आणि पशुवैद्यकांची मेहनतही त्यामागे आहे.

आता नमुन्याची जागा छायाचित्राने आणि स्थळाच्या नोंदीने घेतली आहे. पक्ष्यांच्या नोंदींसाठी २००२ मध्ये सुरू झालेले ईबर्ड आणि सर्व सजीवांच्या नोंदींसाठी २००८ मध्ये सुरू झालेले आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांमुळे प्रवाशाचे निरीक्षण थेट संशोधकांपर्यंत पोहोचते. पण ऑर्किड उपटून नेणारे आणि शिकारीही याच नोंदी वाचू शकतात. म्हणून आयनॅचरलिस्टवर अनेक संकटग्रस्त प्रजातींचा नेमका ठिकाणा आपोआप झाकला जातो आणि नकाशावर केवळ त्या परिसराचा मोठा चौकोन दिसतो. छायाचित्रातील पाटी, मंदिराचा कळस किंवा ओळखू येणारा कडा मात्र कोणतीही यंत्रणा झाकत नाही. ती काळजी छायाचित्र टाकणाऱ्यालाच घ्यावी लागते.