नेस्टेड लूपची फंक्शनल पुनर्रचना

एका लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या आज्ञांच्या) पोटात दुसरा आणि त्याच्या पोटात तिसरा अशी लिहिलेली आज्ञावली मोडून तेच काम मॅप (यादीतील प्रत्येक घटकावर तीच क्रिया), फिल्टर (अटीत न बसणारे गाळणे), फ्लॅटमॅप (मॅप करून आतल्या याद्या एकत्र करणे), फोल्ड किंवा रिड्यूस (एकेक घटक घेत यादीचा एकच निकाल काढणे) यांसारखी फंक्शने एकमेकांना जोडून करण्याची प्रोग्रॅमिंगमधील पद्धत.

पायथागोरसची त्रिकुटे हे तिचे नेहमीचे उदाहरण. १ ते २० या संख्यांमधून अ² + ब² = क² होईल अशी त्रिकुटे हवी आहेत. जुन्या रीतीने आधी रिकामी यादी घ्यायची, मग अ, ब आणि क यांचे तीन लूप, त्यांच्या आत इफ (अट), आणि त्याच्याही आत यादीत भर. कोड उजवीकडे सरकत जातो हा त्रास वरवरचा. खरी अडचण अशी, की जोडण्या तयार करणे, चाळणे आणि साठवणे ही तीन कामे एकाच गाठीत अडकतात. फंक्शनल मांडणीत हेच एका ओळीत येते:

[ (अ, ब, क) | अ ← १..२०, ब ← अ+१..२०, क ← ब+१..२०, अ² + ब² = क² ]

उभ्या रेषेच्या डावीकडे हवे ते, उजवीकडे ← ने प्रत्येक संख्येचा पल्ला आणि शेवटी अट. उत्तर ६ त्रिकुटे. तपासाव्या लागणाऱ्या जोडण्या मात्र दोन्हीकडे १,१४०च. लेखन आटोपशीर झाले म्हणून संगणकाचे कष्ट कमी होत नाहीत, हे नवशिके हमखास विसरतात.

रूपांतराचा ढोबळ नियम सोपा आहे. बाहेरच्या प्रत्येक लूपला फ्लॅटमॅप, सर्वांत आतल्याला मॅप, इफला फिल्टर. सगळीकडे नुसता मॅप वापरला तर याद्यांच्या याद्या हाती येतात. फ्लॅटमॅप त्या सपाट करतो. स्काला या भाषेत फॉर लिहिले तरी कंपायलर (कोडचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम) त्याचे असेच रूपांतर करतो.

वरचे लेखन गणितातील संचलेखनावरून आले. डेव्हिड टर्नर यांच्या केआरसी आणि मिरांडा (१९८५) या भाषांनी ते रुळवले. तेथून ते हॅस्केलमध्ये (१९९०) आणि पायथन २.० मध्ये (२०००) ‘लिस्ट कॉम्प्रिहेन्शन’ म्हणून आले. सी शार्पला २००७ मध्ये लिंक (LINQ) आणि जावाला २०१४ मध्ये स्ट्रीम या याच धर्तीच्या सोयी मिळाल्या. फोल्डच्या वाट्याला मात्र सगळीकडे एवढे प्रेम आले नाही: पायथन ३ ने रिड्यूसला मुख्य फंक्शनांच्या पंक्तीतून उठवून वेगळ्या मॉड्यूलमध्ये बसवले. विचारांची बाजू सर्वांत ठळकपणे मांडली जॉन बॅकस यांनी, आणि तेच लूपांच्या जुन्या रीतीच्या फोरट्रान भाषेचे जनक. १९७७ च्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी दोन सदिशांचा (संख्यांच्या याद्यांचा) अंतर्गुणाकार लूपशिवाय लिहून दाखवला: जोड्या लावा, गुणा, बेरीज करा.

वेग वाढतो तो लूप काढल्याने नव्हे, आकडेमोड बदलल्याने. १०,००० विद्यार्थ्यांची यादी आणि १०,००० गुणनोंदी लूपात लूप घालून जुळवल्या तर १० कोटी तुलना होऊ शकतात. गुणनोंदी आधी रोल नंबरप्रमाणे गटांत टाकल्या, की प्रत्येक यादीवरून एकदाच जावे लागते.

पुनर्रचना करताना खरा प्रश्न एकच असतो: ही फेरी मागच्या फेरीच्या निकालावर अवलंबून आहे का? आलेखातील (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यातील) सर्व बिंदूंमधली किमान अंतरे काढणाऱ्या फ्लॉइड-वॉर्शल रीतीत तीन लूप असतात. दिसायला तिन्ही सारखेच, पण बाहेरचा लूप मधला थांबा निवडतो आणि त्याची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीने तयार केलेल्या तक्त्यावर चालते. म्हणून त्याचा फोल्ड होतो. आतले दोन लूप तक्त्याचे घर अन् घर स्वतंत्रपणे भरू शकतात, तेव्हा त्यांचे कॉम्प्रिहेन्शन. किंमत एवढीच, की जुना तक्ता जागच्या जागी न बदलता दर फेरीला नवा तयार होतो.