टाकीत किती आहे, ते आधी सांगा

२९ फेब्रुवारी २०२४. बहारीनमधल्या साखीरच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वन हंगामातल्या पहिल्या शर्यतीचं दुसरं सराव सत्र संपलं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. यादीत सगळ्यात वर मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन होता, वेळ १ मिनिट ३०.३७४ सेकंद. त्याच्याखाली त्याचाच जोडीदार जॉर्ज रसेल. आदल्या वर्षी २२ पैकी १९ शर्यती जिंकलेला रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपन सहावा, ०.४७७ सेकंद मागे. मर्सिडीजचे चाहते त्या रात्री खुशीत झोपले असणार.

शर्यत शनिवारी झाली. (पुढच्या आठवड्यातली सौदी अरेबियाची शर्यत रमझानमुळे शनिवारी घ्यायची होती, म्हणून हिलाही एक दिवस अलीकडे ओढलं होतं.) व्हर्स्टॅपन जिंकला. दुसरा आला त्याचाच जोडीदार सर्जिओ पेरेझ, तोही २२ सेकंदांनी मागे. रसेल पाचवा, जवळपास ४७ सेकंद मागे. हॅमिल्टन सातवा. आणि पहिल्या सराव सत्रात सगळ्यांत वेगवान ठरलेला डॅनियल रिकार्डो तेरावा.

म्हणजे सरावाची यादी खोटी होती का? अजिबात नाही. तिथलं घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक असतं. अडचण अशी की प्रत्येक गाडीने वेगवेगळा पेपर सोडवलेला असतो आणि आपण सगळ्यांचे मार्क एकाच फळ्यावर लिहून नंबर लावतो. कोणी पेट्रोलने भरलेली टाकी घेऊन पळतो, कोणी जवळपास रिकामी. कोणाचे टायर कोरे, कोणाचे वापरलेले. कोणाचं इंजिन मुद्दाम मंद ठेवलेलं. यातलं टायर तेवढं आपल्याला दिसतं, कारण टायरच्या कडेला रंगीत पट्टा असतो: लाल म्हणजे सॉफ्ट, पिवळा मिडियम, पांढरा हार्ड. टाकीत किती आहे, हे मात्र संघाबाहेर कोणालाच कळत नाही. आणि सगळ्यात मोठी गोम तिथेच आहे.

खंबाटकी घाट स्कूटरवरून डबलसीट चढलेल्या माणसाला वजनाचा परिणाम वेगळा सांगायला नको. पण रेसिंगच्या गाडीत वजन फक्त चढाला किंवा वेग घेताना नडत नाही, ते वळणावर जास्त नडतं. गाडी वळते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीच्या जोरावर. वजन वाढलं की टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो आणि पकडही वाढते, मग हिशेब बरोबरीत सुटायला हवा. तो सुटत नाही, याची दोन कारणं आहेत. रबराचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तरी पकड दुपटीला पोचत नाही. आणि फॉर्म्युला वन गाडीची बरीचशी पकड वजनातून येतच नाही, ती हवेतून येते. पंख आणि गाडीचा तळ मिळून हवेच्या मदतीने गाडीला खाली दाबतात, याला डाउनफोर्स म्हणतात. हा दाब वेगावर ठरतो, टाकीवर नाही. गाडी जड झाली तरी हवा एक किलोही जास्त दाब देत नाही. तेवढ्याच दाबात जास्त वजन वळवायचं, म्हणजे वेग कमी करावाच लागतो.

२०२४ मध्ये गाडीचं किमान वजन ड्रायव्हरसकट, पेट्रोलशिवाय ७९८ किलो होतं आणि शर्यतीसाठी जास्तीत जास्त ११० किलो पेट्रोल वापरता येत असे. पेट्रोल इथे लिटरमध्ये नाही, किलोमध्ये मोजतात, कारण उष्णतेने ते फुगतं. ढोबळ हिशेब असा: दर १० किलोमागे एका लॅपला (ट्रॅकच्या एका फेरीला) सुमारे ०.३ सेकंद जातात, ट्रॅकप्रमाणे थोडे कमी-जास्त. आता हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन यांच्यातलं ०.४७७ सेकंदाचं अंतर घ्या. पेट्रोलमध्ये मोजलं तर हे अंतर साधारण १६ किलोचं. ऑफिसात पाण्याचा जो वीस लिटरचा जार उलटा ठेवलेला असतो, जवळपास तेवढं. पहिला कोण आणि सहावा कोण, हे एका जारभर पेट्रोलने ठरू शकतं आणि तो जार कोणाच्या टाकीत होता ते यादीत लिहिलेलं नसतं.

इंजिनाचंही तसंच. एका इंजिनावर अनेक शर्यती काढायच्या असतात, त्यामुळे सरावात ते पिळून काढायला कोणी तयार नसतं. किती मंद ठेवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शर्यतीत कोण कुठून सुरुवात करणार हे ठरवणाऱ्या पात्रता फेरीत मात्र सगळेच सगळं लावतात. बहारीनलाच बघा: सरावातल्या वेळेपेक्षा पात्रता फेरीत रसेल १.१ सेकंदांनी सुधारला, व्हर्स्टॅपन जवळपास १.७ सेकंदांनी. रेड बुलच्या मेकॅनिकांनी एका रात्रीत गाडीला पंख फोडले असं नाही. बराचसा वेग आधीपासून गाडीत होता, फक्त बाहेर काढला नव्हता.

मग संघांचे इंजिनीअर सरावातून अंदाज बांधतात तरी कसा? ते यादीकडे फारसं बघतच नाहीत. सत्राच्या उत्तरार्धात बहुतेक गाड्या टाकी बऱ्यापैकी भरून, एकाच टायरवर ओळीने दहा-पंधरा लॅप मारतात. त्याला लाँग रन म्हणतात. शर्यतीची खरी रंगीत तालीम ती. यादीत तिचा मागमूस नसतो, कारण यादी प्रत्येकाचा एकच सर्वोत्तम लॅप दाखवते.

समजा, 'अ' संघाची लाँग रन १ मिनिट ३७ सेकंदांनी सुरू झाली आणि टायर झिजत गेला तशी दर लॅपला ०.०५ सेकंदाची भर पडत गेली. 'ब' संघाची सुरुवात १ मिनिट ३६.६ ला, म्हणजे ०.४ सेकंदांनी वेगवान, पण दर लॅपला ०.१५ ची भर. सर्वोत्तम लॅपची यादी लावली तर 'ब' आरामात वर. पाचव्या लॅपला दोघे बरोबरीत येतात आणि पंधरा लॅपची बेरीज केली तर 'ब' साडेचार सेकंदांनी मागे असतो. शर्यतीत असे तीन-चार टप्पे असतात. म्हणून जाणकार लॅपच्या वेळांची रेषा काढून आधी तिचा चढ बघतात, मग ती कुठून सुरू झाली ते.

त्यातही एक मेख आहे. गाडी पळते तसं पेट्रोल जळतं आणि ती हलकी होत जाते. साखीरच्या ५७ लॅपना ११० किलो, म्हणजे लॅपला जवळपास १.९ किलो, त्याचे झाले ०.०६ सेकंद. काहीच बिघडलं नाही तर प्रत्येक लॅप आधीच्यापेक्षा तेवढा लवकर व्हायला हवा. एखाद्या गाडीचे पंधरा लॅप अगदी एकसारखे आले तर टायर शाबूत आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो दर लॅपला ०.०६ सेकंद गमावत असतो, हलक्या होणाऱ्या टाकीने ते झाकलेलं असतं, इतकंच.

गर्दीत अडकलेले, पिवळ्या झेंड्याखाली हळू केलेले, चुकलेल्या वळणाचे लॅप काढून टाकायचे. उरलेल्यांची सरासरी काढण्यापेक्षा ते चढत्या क्रमाने लावून मधला आकडा धरायचा, म्हणजे एखादा विचित्र लॅप सगळं गणित ओढून नेत नाही. इथपर्यंत घरबसल्या कोणालाही जमतं, लॅपच्या वेळा उघड असतात. मीही वही घेऊन हा उद्योग केला आहे, आणि त्यात तोंडावर पडायला होतं ते बहुतेक वेळा एकाच जागी. ड्रायव्हरला रेडिओवरून टायर जपायला सांगितलं असेल तर त्याची रेषा फार सुरेख दिसते, अगदी सपाट. पण ती सपाट असते कारण तो सावकाश चालवत असतो. टायर किती झिजतो हे तुम्ही त्याला किती छळता यावर अवलंबून आहे, त्यामुळे वेग आणि झीज हे दोन आकडे वेगवेगळे वाचताच येत नाहीत.

संघांकडे आपल्यापेक्षा एक जास्तीचं हत्यार असतं. प्रत्येक गाडीची जागा उपग्रहांच्या मदतीने सतत नोंदली जाते आणि ती माहिती सगळ्या संघांना मिळते. त्यावरून प्रतिस्पर्ध्याचा ट्रॅकच्या प्रत्येक टप्प्यावरचा वेग काढता येतो. वेगवान वळणावर गाडी किती टिकते यावरून डाउनफोर्स कळतो. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग वाढायचा थांबला तर हवेचा अडथळा जास्त. हळू वळणातून बाहेर पडताना वेग किती झपाट्याने वाढतो, यावरून इंजिन आणि वजन यांचा अंदाज येतो. पण तिथे पुन्हा गाठ बसते: मंद ठेवलेलं इंजिन आणि भरलेली टाकी दोन्ही त्या आलेखात सारखीच दिसतात.

वेळेचंही भान ठेवावं लागतं, घड्याळातल्या वेळेचं. बहारीनला पहिलं आणि तिसरं सराव सत्र दुपारच्या उन्हात होतं, शर्यत संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात. तापलेल्या डांबरावर टायर वेगळा वागतो. त्यात साखीरचा रस्ता चांगलाच खरबरीत, त्याची खडी थेट इंग्लंडमधून आणलेली. मागच्या टायरांची तो सालटी काढतो. शर्यतीच्या वेळेला जुळणारं सत्र एकच, दुसरं. रिकार्डोचा पहिला नंबर दुपारचा होता, एवढं लक्षात ठेवलं की तेराव्या क्रमांकाचं नवल कमी होतं. मर्सिडीजचं दुखणं वेगळं निघालं. शर्यतीत त्यांची इंजिनं नको तेवढी तापली आणि ताकद आवरून चालवावी लागली. ते कुठल्याच लाँग रनमधून वाचता आलं नसतं.

कोरा ट्रॅक असेल तर गोंधळ आणखी वाढतो. आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ मध्ये पहिलं सराव सत्र सुरू झालं तेव्हा ट्रॅकवर धूळ होती आणि थोड्याच वेळात एक कुत्राही आला. सत्र थांबवावं लागलं. (भारतातला पहिला फॉर्म्युला वन सराव, त्यात कुत्रं यायचंच!) शुक्रवारी दुसऱ्या सत्रात फेरारीचा फेलिपे मासा पहिला, १ मिनिट २५.७०६. शनिवारी सेबास्टियन व्हेटेलची पोल पोझिशन, म्हणजे पात्रता फेरीतला पहिला नंबर, १ मिनिट २४.१७८ ला. गाड्या त्याच, पण दीड दिवस त्यावरून टायर फिरले, धूळ उडाली, रबराचा थर बसला आणि रस्ताच बदलला. रविवारी व्हेटेलने शर्यतीतला सर्वांत वेगवान लॅप मारला तो शेवटचा, साठावा, टाकी तळाला गेलेली असताना. वेळ होती १ मिनिट २७.२४९. स्वतःच्याच पोल पोझिशनपेक्षा तीन सेकंदांनी हळू. तोच माणूस, तीच गाडी.

मुद्दाम फसवण्याचं काय? शुक्रवारी ते फार कोणी करत नाही, दुसऱ्याच दिवशी पात्रता फेरीत सगळं उघड व्हायचं असतं. हंगामाआधीच्या चाचण्यांत मात्र त्याला जागा असते. २००१ च्या हिवाळ्यात प्रोस्ट संघाची गाडी चाचण्यांत झळकली, अन् पूर्ण हंगामात त्यांना मिळाले चार गुण. २००२ च्या सुरुवातीला संघ बुडाला. प्रायोजकांना दाखवायला हलकी गाडी पळवायची ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे मार्च २००९ मध्ये बार्सिलोनात उलटंच घडलं. होंडाने अंग काढून घेतल्यावर रॉस ब्रॉनने तो संघ हाती घेतला होता. जाहिराती जवळपास नसलेली पांढरी गाडी आली आणि सगळ्यांना मागे टाकू लागली. बघणाऱ्यांतल्या अनेकांना वाटलं, हेही प्रायोजक शोधताहेत. त्या गाडीच्या मागच्या भागात दुमजली डिफ्यूजर (तळाखालची हवा मागे बाहेर सोडणारा भाग) होता आणि वेग खराच होता. जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि वर्षअखेरीस जगज्जेतेपदही.

संशय अंगाशी येतो, याचं उदाहरण २०२३ च्या सिंगापूरचं. रेड बुल सलग १५ शर्यती जिंकून आलेला. शुक्रवारी दोन्ही सत्रांत फेरारी पुढे, व्हर्स्टॅपन दुसऱ्या सत्रात आठवा. यादीला भुलायचं नाही हे शिकलेल्या मंडळींनी मान हलवली: रात्रीतून सुधारतील, टाकी भरलेली असेल, इंजिन आवरलेलं असेल. शनिवारी व्हर्स्टॅपन पात्रता फेरीत अकरावा आला, पेरेझ तेरावा. रविवारी फेरारीचा कार्लोस साइन्झ जिंकला.

पुढच्याच आठवड्यात सगळे जपानमध्ये सुझुकाला गेले. तिथे तिन्ही सराव सत्रांत व्हर्स्टॅपन पहिला, पोल पोझिशन अर्ध्या सेकंदाहून जास्त फरकाने त्याची, आणि शर्यत १९ सेकंदांनी. सिंगापूरला रस्त्यांवरून वळणं घेत धडपडलेली गाडी तीच होती, मधे फक्त सात दिवस गेले होते.