क्रॉपीची उन्हाळी मासेमारी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सरोवरे व धरणांच्या जलाशयांत जून ते सप्टेंबरमध्ये क्रॉपी हा गोड्या पाण्यातील मासा गळाने धरण्याची पद्धत. क्रॉपीचा खरा हंगाम वसंतातला समजला जातो. पाणी साधारण १६ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की हे मासे अंडी घालायला काठाच्या उथळ पाण्यात येतात आणि काठावर उभ्या राहिलेल्या माणसालाही सहज सापडतात. उन्हाळा लागला की काठ ओस पडतो. नवशिक्याला वाटते, माशाने तोंड बंद केले. पण तो खोल पाण्यात सरकलेला असतो आणि तिथे खातही असतो. त्यामुळे उन्हाळ्यात आधी खोली शोधायची आणि आमिषाचा विचार त्यानंतर करायचा.

क्रॉपीच्या दोन जाती आहेत : पांढरा क्रॉपी (पोमॉक्सिस ॲन्युलॅरिस) आणि काळा क्रॉपी (पोमॉक्सिस नायग्रोमॅक्युलेटस). दोन्ही उत्तर अमेरिकेचे मूळ रहिवासी, बास आणि ब्लूगिल यांच्याच सेंट्रार्किडी कुळातले. पांढऱ्याच्या अंगावर उभे, पुसट काळसर पट्टे असतात, काळ्यावर विस्कळीत काळे ठिपके. रंग पाण्याप्रमाणे बदलतो, म्हणून ओळख पटवायला पाठीच्या पराचे काटे मोजणे चांगले : पांढऱ्याला बहुधा ६, काळ्याला ७ किंवा ८. लुइझियानात या माशाला साकाले म्हणतात, फ्लॉरिडात स्पेक. गळाला लागणारे बहुतेक मासे वीतभर ते फूटभर लांबीचे असतात. पांढऱ्या क्रॉपीचा जागतिक विक्रम १९५७ साली मिसिसिपीच्या एनिड जलाशयात नोंदला गेला, ५ पौंड ३ औंस, म्हणजे सुमारे २.३५ किलो. काळ्याचा विक्रम टेनेसीतील एका तळ्यातला, २०१८ सालचा, ५ पौंड ७ औंसांचा.

उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या पाण्याचे थर पडतात. वरचे पाणी तापून हलके होते आणि दक्षिणेकडील राज्यांत ३० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. खालचे पाणी थंड आणि जड राहते. दोन्ही मिसळत नाहीत, त्यामुळे वाऱ्याने वरच्या पाण्यात विरघळणारा प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही आणि तिथे आधीपासून असलेला प्राणवायू कुजणाऱ्या गाळामुळे संपून जातो. मधल्या थरात थोड्याच अंतरात तापमान झपाट्याने उतरते. त्याला तापप्रवण थर म्हणतात. क्रॉपीला वर फार उकडते आणि खाली श्वास मिळत नाही, म्हणून तो या थराच्या जरा वर अधांतरी थांबतो. अनेक जलाशयांत ही जागा १५ ते २५ फुटांच्या दरम्यान सापडते. ३० फूट खोल पाण्यात तळाला गळ सोडून बसलेला माणूस दिवसभर रिकामा बसतो तो यामुळेच. ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर हा थर धूसर पट्ट्यासारखा दिसतो. यंत्र नसेल तर प्रत्येक काठीचे आमिष वेगवेगळ्या खोलीवर सोडावे आणि पहिला मासा ज्या खोलीवर लागेल तिथे बाकीच्या काठ्या आणाव्यात. मात्र एका माणसाला किती काठ्या वापरता येतात हे राज्याराज्यांत वेगळे आहे.

थराच्या जरा वर मासा शोधण्याचा हा नियम सगळीकडे मात्र लावू नये. टेनेसीचे रीलफूट सरोवर १८११–१२ च्या भूकंपांतून तयार झाले. ते इतके उथळ आहे की तिथे कायमचे थर टिकत नाहीत. तिथला क्रॉपी पाण्यात बुडालेल्या सायप्रस वृक्षांच्या बुंध्यांपाशी शोधायचा. फ्लॉरिडाचे ओकीचोबीही असेच पसरट. केंटकी जलाशयाचे धरण १९४४ साली पूर्ण झाले. तो मूळ टेनेसी नदीच्याच पात्रावर असल्याने धरणातून पाणी सोडले की प्रवाह चालू होतो आणि थर घट्ट बसत नाहीत. तिथे जुन्या नदीपात्राच्या कडा महत्त्वाच्या.

खोली कळली की आडोसा शोधायचा. क्रॉपी थव्याने राहतो आणि लाकूडफाट्याला धरून राहतो : बुडालेली झाडे, पुलाचे खांब, बोटींच्या धक्क्यांची सावली. मासेमार आणि राज्यांचे मत्स्यविभागही मुद्दाम झाडांच्या फांद्या, कित्येकदा नाताळनंतर टाकून दिलेली झाडे, वजन बांधून तळाला सोडतात. होडी नसलेल्याने खोल पाण्यापर्यंत गेलेला सार्वजनिक धक्का किंवा पूल गाठावा. उन्हाळ्यात मोकळ्या काठावर तासन्‌तास बसण्यात फारसा अर्थ नाही.

सुरुवातीचे सामान थोडके आणि हलके असावे. सहा-सात फुटांची नरम काठी, लहान रीळ, ४ ते ८ पौंड ताकदीचा तंगूस, आणि १/३२ ते १/८ औंस वजनाच्या जिगा, म्हणजे शिशाच्या डोक्याचे, पिसांचे किंवा मऊ प्लास्टिकच्या शेपटीचे गळ. खोल पाण्यासाठी १/१६ औंस ही मधली निवड बरी. जिवंत मिनो मासा हे सर्वांत भरवशाचे आमिष. त्यासाठी बारीक तारेचा गळ घ्यावा, कारण फांदीत अडकला की ओढताच तो वाकून सुटतो आणि चिमट्याने पुन्हा सरळ करता येतो. खोल पाण्यात घट्ट बसवलेला बोया चालत नाही, तंगुसावरून सरकणारा बोया हवा. तंगुसावर गाठ मारून खोली ठरवता येते आणि बोया त्या गाठीपाशी येऊन थांबतो. अनुभवी मंडळी होडीच्या नाकाडावर आठ-आठ लांब काठ्या पंख्यासारख्या मांडतात, किंवा मिसिसिपीच्या सार्डिस, एनिड, ग्रेनाडा या जलाशयांत होडी चालवत माशाच्या आकाराची खोल जाणारी कृत्रिम आमिषे ओढतात. नवशिक्याने या भानगडीत पडू नये. आडोशाच्या थेट वर थांबून एक जिग सरळ खाली सोडावी आणि जवळपास स्थिर धरावी, एवढे पुरते.

क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला वळलेले असतात आणि तो वर पाहून खातो. म्हणून आमिष माशाच्या फूट-दोन फूट वर हवे, खाली गेले तर तो बहुधा वळत नाही. चावाही फसवा असतो. मासा आमिष घेऊन वर उठतो, तेव्हा बोया बुडण्याऐवजी आडवा पडतो किंवा तंगूस अचानक सैल होतो. त्या क्षणी जोराचा झटका देऊ नये. या माशाच्या जबड्याची त्वचा कागदासारखी पातळ असते आणि ती फाटते. काठी शांतपणे वर उचलावी, तंगुसाचा ताण सोडू नये आणि मासा हातजाळीत घ्यावा.

भर दुपार माणसाला आणि माशाला दोघांनाही नकोशी. पहाट व संध्याकाळ चांगली, पण ऑगस्टमधली रात्र त्याहून चांगली. पुलाखाली होडी बांधून पाण्यावर दिवा सोडतात. पूर्वी कंदील असत, आता हिरवे एलईडी. उजेडाकडे सूक्ष्म प्राणी गोळा होतात, त्यांच्यामागे शॅड या लहान माशांचे थवे येतात आणि शॅडच्या मागे क्रॉपी. ही साखळी जमायला वेळ लागतो, तेवढा धीर धरावा.

उन्हाळ्यात धरलेल्या माशाची काळजी वेगळी घ्यावी लागते. दोरीला ओवून कोमट पाण्यात ठेवलेला मासा लवकर मरतो आणि मांस बिघडते, म्हणून बर्फाची पेटी हवीच. खोलातून वर ओढलेल्या क्रॉपीचा वाताशय, म्हणजे पोटातील हवेची पिशवी, फुगतो आणि सोडून दिला तरी तो जगेलच असे नाही. टेक्सासमध्ये सर्वसाधारण नियमाने १० इंचांहून लहान क्रॉपी परत सोडावा लागतो आणि दिवसाला २५ मासे ठेवता येतात. तेव्हा खोल जागी लहानच मासे लागू लागले तर त्यांना मारत बसण्यापेक्षा तिथून हलून उथळ आडोसा गाठावा. परवाना, लांबीची मर्यादा आणि जिवंत आमिष नेण्या-आणण्याचे नियम राज्यागणिक, काही ठिकाणी जलाशयागणिक बदलतात. ते त्या राज्याच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेतून पाहावेत. उरलेले मिनो कधीही तलावात सोडू नयेत.

क्रॉपीचे मांस पांढरे, मऊ आणि चवीला सौम्य असते. दक्षिणेत ते मक्याच्या पिठात घोळवून तळतात. रोहू-कटल्याच्या मांसात विखुरलेले बारीक काटे क्रॉपीत नसतात. पाठीच्या कण्याला आणि बरगड्यांना धरून सुरी फिरवली की दोन्ही बाजूंचे तुकडे बिनकाट्याचे निघतात. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी घरांत लहान मुलांना वाढायला हा मासा म्हणूनच सोयीचा. हळद-तिखट लावून रव्यात तळला तरी छान लागतो, फक्त तुकडे पातळ असल्याने आच मध्यम ठेवून तो लवकर उतरवावा.