‘एकदा बोलून टाक’ एवढं सोपं का नसतं

नागपुरात ऑटोवाल्याला ‘पागलखाना चौक’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. प्रादेशिक मनोरुग्णालयाचं पाटीवरचं नाव केव्हाच बदललं, लोकांच्या जिभेवरचं नाही. ही संस्था १८६४ची, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. १९१२चा ‘ल्युनसी ॲक्ट’, म्हणजे वेडेपणाचा कायदा, जाऊन १९८७चा कायदा आला, त्याच्या जागी २०१७चा, आणि त्याने उपचार हा हक्क मानला. तरी मनाचा इलाज म्हणजे उंच भिंत, हे समीकरण शहराच्या डोक्यातून गेलेलं नाही. धरमपेठेत किंवा रामदासपेठेत थेरपिस्टकडे जाताना घरी दातांच्या डॉक्टरचं नाव सांगणारी माणसं आजही आहेत. बाकीचे दुखणं अंगावर काढतात.

थेरपिस्टच्या खोलीत मनाच्या आघातांवर आणि नात्यांवर चालणारं काम मात्र त्या भिंतीआडून आलेलं नाही. ते आलं रणांगणावरून आणि घरातून.

पहिल्या महायुद्धात अंगावर जखम नसलेले सैनिक थरथरत, मुके होऊन परतू लागले. १९१५मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याला ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, म्हटलं. युद्ध संपलं आणि विषयही मागे पडला. तो पुन्हा वर आला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे, आणि त्याच सुमारास बलात्कार व घरातल्या मारहाणीबद्दल बोलू लागलेल्या बायकांमुळे. १९७४मध्ये बॉस्टनच्या परिचारिका ॲन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारानंतरच्या आघातावर लेख लिहिला. काही बायका रडतात, संतापतात. काही अगदी शांत, आवरलेल्या दिसतात, आणि आघात दोघींनाही झालेला असतो, असं त्यांनी नोंदवलं. १९८०मध्ये आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला.

इथे विदर्भाचा धागा जोडावाच लागतो. २६ मार्च १९७२ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. १९७४मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. १९७६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला: भीतीपोटी शरीर निमूटपणे हवाली करणं म्हणजे संमती नव्हे. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड झाल्याचं पटत नाही, असं म्हणत पुन्हा सुटका केली. १९७९मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. माझ्या मते, मनाच्या घावाबद्दल या शहरात लिहिलं गेलेलं सगळ्यात मोलाचं वाक्य कुठल्या दवाखान्यात नाही, त्या खंडपीठाच्या निकालात आहे.

कारण थेरपिस्टसमोर आजही तोच प्रश्न येतो: ‘मी ओरडले का नाही?’ पुरुषही विचारतात, लहानपणीच्या माराबद्दल, वसतिगृहातल्या प्रकाराबद्दल. जिवावर बेतलं की शरीर कधी लढतं, कधी पळतं, कधी जागच्या जागी गोठतं. त्या क्षणी ते कुणी ठरवत नाही. हे एकदा नीट समजलं तरी वर्षानुवर्षांची लाज सैल होऊ लागते.

मग बोलून टाकलं की झालं? ‘मन मोकळं कर, बरं वाटेल’ हा आपल्याकडचा घरगुती उपाय शास्त्रानेही करून पाहिला. दुर्घटनेनंतर लगेच लोकांना बसवून सगळं एकदा सांगायला लावायचं, ही पद्धत १९८०च्या दशकापासून फार चालली. पुढे अभ्यास तपासले गेले. अशा एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही, हे २००२मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात स्पष्ट झालं. पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञ पिएर जाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच टप्प्याटप्प्याने काम करत होते. १९९२मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी तो क्रम नव्याने मांडला: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं.

म्हणून सुरुवातीच्या बैठका बाहेरून रटाळ वाटतात. झोप किती? घरात आता कुणी हात उचलतं का? रात्री जीव घाबरा झाला तर फोन कुणाला करता? पाय जमिनीला टेकवून, समोरच्या पाच वस्तूंची नावं घेऊन आजच्या क्षणात परतायचा सराव करून घेतात. हे जमू लागलं की आठवणीला हात, तोही थोडा थोडा. पैसे भरून हे काय चाललंय, असं वाटून तिसऱ्या बैठकीला गळणारे इथेच गळतात.

नात्यांच्या कामाचं मूळ वेगळं. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मूल आणि आई यांच्या बंधाचा सिद्धांत मांडला, मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी तो आधी युगांडात, नंतर बाल्टिमोरमध्ये निरीक्षणाने तपासला. मोठ्यांपर्यंत तो पोचला तो एका वर्तमानपत्रातून: हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या दैनिकात प्रेमावरची प्रश्नावली छापली आणि १९८७मध्ये निष्कर्ष मांडले. एक जण बोलायला मागे लागतो, दुसरा गप्प होऊन खोलीत जातो, आणि दोघंही आपापल्या परीने घाबरलेले असतात. जोडप्यांसोबत हेच चक्र उलगडायचं असतं. मात्र हा सिद्धांत नागपूरच्या जुन्या महाल भागातल्या एखाद्या वाड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे आई स्वयंपाकघरात आणि मूल आजीच्या नाहीतर काकूच्या कडेवर. ‘आई कशी होती?’ यापेक्षा ‘पडलात की कुणाकडे धावायचात?’ हा प्रश्न इथे जास्त कामाचा.

मारहाण चालू असेल तर दोघांना एकत्र बसवत नाहीत. मार खाणारी बायको खोलीत जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागू शकते. इथे लोकांचा गोंधळ होतो. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच समेटावर भर आहे, त्यामुळे समुपदेशन म्हणजे समेट असं घराघरांत बसलंय. थेरपिस्टकडेही फोन येतो तो बऱ्याचदा आईचा, नाहीतर नवऱ्याचा: ‘तिला जरा समजवा ना.’ त्यावर नेहमीचं उत्तर असतं, ज्यांना यायचंय त्यांनाच फोन करू द्या.