पुण्याच्या हिशोबापलीकडची माया : साताऱ्याची जुनी गोष्ट

माउलींची पालखी लोणंद-फलटणला आली की आपल्याकडं दारादारात अन्नदान चालतं, मुसलमान घरांतून चाळीसातला एक हिस्सा जकात म्हणून निघतो, सांगलीकडच्या जैन घरांत आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं पोरांच्या कानावर पडतच असतात. हे सगळं चांगलंच आहे. पण किती द्यायचं, कुणाला द्यायचं, कुणाला शिवायचं नाही हेसुद्धा लोक धर्माच्याच नावानं ठरवत आले, आणि या रेषेच्या पलीकडं उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात लई आधी आलाय.

१८६८ सालचं बघा. सावित्रीबाई फुले तेव्हा नायगावला माहेरी होत्या (खंडाळा तालुक्यातलं नायगाव). ऑगस्टमध्ये त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं त्यात हा प्रसंग आहे. गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण आणि सारजा नावाची महाराची पोरगी, दोघांचं प्रेम जमलेलं, ती गरोदर. गावकऱ्यांनी दोघांना मारत मारत गावातून फिरवलं आणि आता जीवच घेणार असं कळल्यावर सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली, मग लोक थांबले. गावानं अट घातली की दोघांनी गाव सोडायचं, ते कबूल झाले आणि बाईंनी त्यांना जोतीरावांकडं पाठवून दिलं. गावाच्या लेखी त्या दोघांना मारणं म्हणजेच धर्म राखणं होतं, हे लक्षात घेतलं की सावित्रीबाईंनी काय केलं ते कळतं. नुसती दया आली एवढंच नव्हतं ते, सगळ्या गावाच्या आडवं जाणं होतं, तेही माहेरच्या गावात.

पुढं भाऊराव पाटील. घराणं जैन, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक, शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात. १९०८ ला तिथं अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं, त्या कार्यक्रमाला हे गेले, परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं तर साफ नाही म्हणाले. बोर्डिंगातनं बाहेर काढलं. १९१९ ला काल्याला (कराडजवळ) रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आली आणि वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन सगळी पोरं एका पंगतीला जेवायला लागली. १९२७ ला गांधीजी येऊन बघून गेले.

पण मला यात सगळ्यात मोठ्या वाटतात लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी, ज्यांचं नाव आपण भाषणात एका ओळीत उरकतो. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, त्यांना कुठल्याही शास्त्रानं सांगितलं नव्हतं की परक्या जातीच्या पोरांना पोटच्यासारखं सांभाळ. त्यांनी सांभाळलं, दुखणीखुपणी काढली. पैसे संपले तसे दागिने गेले आणि पोरांच्या जेवणाला काहीच उरलं नाही तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र काढणं त्या काळात केवढं अशुभ, आपल्या आज्यांना विचारा. पुण्य मिळवायला कुणी असं करत नाही ओ. १९३० ला त्या गेल्या.

साताऱ्याचं ते बोर्डिंग तरीही चाललं, आणि ते चालवण्यात गावागावातल्या बायकांचा फार मोठा वाटा आहे. भाऊरावांनी मुष्टीफंड काढला होता, म्हणजे रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बोर्डिंगसाठी वेगळं काढायचं. दारी येणाऱ्या वासुदेवाला, जोश्याला मूठ घालायची सवय बायकांना होतीच, आता तीच मूठ कुणाच्याही जातीच्या पोराच्या भाकरीला जायला लागली.