लेझरचा ठेका

गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनात हातात धातूची दांडी धरायला देऊन दोन मिनिटांत 'लिव्हर कमजोर' असा छापील रिपोर्ट काढून देत होते. पाटीवर लिहिलं होतं, 'क्वांटम-लेझर तपासणी'. त्या दांडीतून लिव्हरपर्यंत काहीही पोचत नाही. लेझरने शरीराच्या आतलं खरंच कळतं, पण त्यासाठी ऐकावं लागतं.

प्रकाशाची उघडझाप केली की तो ज्या पदार्थावर पडतो त्यातून आवाज निघतो, हे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८० मध्ये दिसलं. फोटोअकूस्टिक इमेजिंग, म्हणजे प्रकाश टाकून निघालेल्या आवाजावरून शरीराच्या आतलं चित्र काढणं, त्यावरच चालतं. लेझरचा पल्स, म्हणजे काही नॅनोसेकंदांचा (सेकंदाच्या अब्जांशांचा) झोत, रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, अंशाच्या हजाराव्या भागाइतकं तापतं, फुगतं आणि अल्ट्रासाऊंडची लहर सोडतं. ती सोनोग्राफीसारख्या प्रोबने टिपायची.

दमदार लेझर महाग आणि अवजड. छोट्या इलेक्ट्रॉनिक चिपचा डायोड लेझर मुठीत मावतो, सेकंदाला हजारो पल्स देतो, पण प्रत्येक पल्स मरतुकडा. त्याचा आवाज यंत्राच्याच खरखरीत बुडतो. १०० नोंदींची सरासरी काढली तर सिग्नल खरखरीच्या तुलनेत १० पट उठून दिसतो. अडचण वेळेची आहे. शरीरात आवाज मायक्रोसेकंदाला दीड मिलिमीटर जातो. ३ सेंटिमीटर खोलीवरून यायला २० मायक्रोसेकंद. तेवढं न थांबता पुढचा पल्स सोडला तर आवाज एकमेकांत मिसळतात.

मिसळू द्या! फक्त पल्स ठरलेल्या ठेक्यात सोडा. मिरवणुकीच्या गोंगाटातही ओळखीचा नाशिक ढोल कानाला सापडतो, तसा संगणक नोंदीवर तो ठेका सरकवत नेतो आणि जिथे जुळतो तिथे रक्तवाहिनी. पण अर्धवट जुळण्यातून भुतं उमटतात, म्हणजे नसलेल्या रक्तवाहिन्या. यावरचा तोडगा, एकमेकांची भुतं खोडणाऱ्या ठेक्यांची जोडी, भौतिकशास्त्रज्ञ मार्सेल गोले यांनी १९४९ च्या सुमारास वेगळ्याच कामासाठी, अवरक्त वर्णपटासाठी, काढला होता. मला तो फार देखणा वाटतो.

ठेका अधिक-उणे चिन्हांच्या माळेने लिहू. + + + − ही माळ स्वतःवरच ठेवा, समोरासमोरच्या चिन्हांचे गुणाकार करून बेरीज घ्या: ४. एक घर सरकवा: १. मग ०, मग −१. आता + + − + घ्या: ४, −१, ०, १. दोन्हींची बेरीज ८, ०, ०, ०. भुतं साफ! कागदावर करून पाहाच.

उणे प्रकाश मात्र नसतो. म्हणून पहिल्या माळेसाठी १११० आणि ०००१ असे दोन ठेके वेगवेगळे सोडून नोंदींची वजाबाकी करायची, दुसरीसाठीही तेच. एकूण चार नोंदी. तेवढ्या वेळात रुग्ण हलला तर भुतं परत येतात. शिवाय पल्स वाढवले तरी त्वचेवर पडणाऱ्या एकूण प्रकाशाची सुरक्षामर्यादा सुटत नाही. आणि सेकंदाला १० पल्सच देणाऱ्या लेझरला असे ठेके लावून काहीच मिळत नाही. तिथे आवाज मिसळायची वेळच येत नाही, साधी सरासरी पुरते.